आशिया/भद्रावती

आमच्या भद्रावतीत 'सर्व्हर' हा शब्द एकटा कधी फिरत नाही. 'डाऊन'ला सोबत घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा जुळला नाही, सर्व्हर डाऊन. सातबारा निघाला नाही, सर्व्हर डाऊन. पासबुकात नोंद झाली नाही, सर्व्हर डाऊन. शेजारच्या काकाजींना कोळसा खाणीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांची बराच काळ अशी समजूत होती की सर्व्हर म्हणजे वरचा कुणी साहेब आहे आणि त्याची तब्येत बरी नसते. एकदा हयातीच्या दाखल्यासाठी तिसरी खेप फुकट गेल्यावर ते माझ्याजवळ कळवळून म्हणाले, "थो माणूस इतका बिमार रायते, तर त्याले एकडाव नागपूरले मेडिकलमधी काऊन नेत नाई?"

मी गप्प राहिलो. कारण नोकरीची शेवटची सहा वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत आणि 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य रोज निदान दहा जणांना ऐकवलं आहे. ते म्हणण्याची एक रीत असते. मान वर करायची नाही. समोरचा कागद दोन बोटांनी हळूच परत सरकवायचा. आणि माणूस वळतोय असं वाटलं की पाठीमागून सोडायचं, "दोन वाजल्यानंतर या." दोन वाजता काय होणार आहे हे आम्हालाही माहीत नसे.

तर असा मी निवृत्त झालो आणि सर्व्हर माझ्या घरी आला.

आणला मुलानं. तो पुण्याला असतो, कॉम्प्युटरातच काहीतरी करतो. जूनच्या शेवटी सुट्टीवर आला तेव्हा माझ्या मोबाइलनं 'जागा संपली' म्हणून बोंब ठोकली होती. घरात २००४ पासूनच्या फोटोंच्या सीड्या होत्या, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेली चकती होती, आईच्या भजनांच्या कॅसेटी होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, दुसऱ्याच्या क्लाउडवर भाडं भरण्यापेक्षा घरीच एक सर्व्हर बसवून देतो. तुमचाही वेळ जाईल." या शेवटच्या वाक्याइतकं खरं वाक्य मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही.

एका ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर त्यानं आणला. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या. त्यावर ओपनमीडियावॉल्ट नावाची फुकट मिळणारी प्रणाली चढवली. ती फोल्कर टायले नावाच्या एका जर्मन गृहस्थानं सुरू केली, पहिली आवृत्ती २०११ साली निघाली. घरी बसून एवढं मोठं काम करून फुकट वाटणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. फक्त एकदा त्यांनी मे महिन्यात भद्रावतीला यावं आणि माझ्याबरोबर ते चालवून पाहावं, एवढीच इच्छा आहे.

ठेवायचा कुठं, यावर घरात बैठक झाली. माळ्यावर उन्हाळ्यात पापड भाजतील. आमच्या खोलीत नको, कारण त्याचा निळा दिवा रात्रभर डोळा मारतो असं हिचं म्हणणं. देवघराजवळ आईनं नकार दिला. शेवटी बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी जागा निघाली. तिथं एक एक्स्टेंशन बोर्ड मोकळाच होता. तो मोकळा का होता, हा प्रश्न जूनच्या शेवटी कुणाला पडला नाही. ग्रामोदय संघातून कधीकाळी आणलेली चिनी मातीची एक पसरट कुंडी उपडी घातली आणि तिच्यावर सर्व्हरची प्रतिष्ठापना झाली.

राउटर वरच्या मजल्यावर. तिथून काळी केबल पाइपाच्या कडेनं खाली उतरवून खिडकीच्या भोकातून आत घेतली. भद्रनागाचं गाव आहे हे. इथं साप मारायला कुणाचा हात उठत नाही, साप म्हणायलाही लोक कचरतात. समोरच्या घरातल्या आजीबाईंनी संध्याकाळच्या उजेडात ती केबल भिंतीत शिरताना पाहिली आणि हात जोडले. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नागपंचमीला भोकाच्या खाली हळदकुंकू वाहून वाटीभर दूध ठेवून गेल्या. त्यानंतर दोन महिने नेटचा वेग उत्तम होता, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवतो.

मुलगा पुण्याला परत गेला आणि मला प्लगइन सापडले.

प्लगइन म्हणजे मूळ प्रणालीला जोडायचे जास्तीचे कामगार. यादी समोर असते, नावापुढं बटण असतं, पैसे पडत नाहीत. आयुष्यभर एक शिपाई मंजूर करून घ्यायला ज्यानं तीन-तीन वर्षं पत्रव्यवहार केला, त्याच्या हातात ही यादी द्यायला नको होती. मी पहिल्या महिन्यात नऊ नेमले. एक तापमान मोजणारा, एक त्या तापमानाचा आलेख काढणारा, एक यूपीएसवर लक्ष ठेवणारा. यूपीएस आमच्याकडे होता, पण त्याची बॅटरी फुगून मेली होती आणि त्यावर आईची औषधं ठेवलेली असत. तरी पद भरलं.

या ओपनमीडियावॉल्टची एक खोड आहे. तुम्ही कुठलीही सेटिंग बदला, ती लगेच लागू होत नाही. वर एक पिवळी पट्टी येते. बदल प्रलंबित आहेत, लागू करायचे का? म्हणजे टिपणी वर गेली, सही व्हायची आहे. मला हे इतकं घरचं वाटलं की पहिल्यांदा मी ती पट्टी आठवडाभर तशीच राहू दिली. मग बरोबरच्या खुणेवर टिचकी मारली. चक्र फिरलं, फिरलं, आणि लाल चौकट उघडून तिच्यातून पानभर इंग्रजी बाहेर पडलं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, सगळं वाचू नका. शेवटून दोन-तीन ओळी पाहा, खरं कारण तिथं असतं." सरकारी पत्रही मी असंच वाचत आलो होतो. वरचं सगळं संदर्भ क्रमांक, मजकूर शेवटच्या ओळीत. त्या ओळीत लिहिलं होतं की एक प्लगइन दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि दुसरा तिसऱ्याच्या जुन्या आवृत्तीवर. तिसऱ्याला मी आदल्याच दिवशी काढून टाकलं होतं, कारण तो काही करताना दिसत नव्हता. ऑफिसातही असा एक माणूस होता. त्याची बदली झाल्यावर कळलं की कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडेच असायच्या.

प्लगइनला विटलो तेव्हा मुलानं कंटेनर शिकवले.

ही गोष्ट मुळात जहाजांची. माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्यानं २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. आत काय आहे याच्याशी क्रेनवाल्याला घेणंदेणं नाही, पेटी उचलायची आणि ठेवायची. त्यावर सगळ्या जगाचा व्यापार बदलला, आपलं न्हावा शेवा उभं राहिलं. आमच्या भांदक स्टेशनवरून जातात त्या मात्र अजून कोळशाच्या उघड्या वाघिणी. आत काय आहे ते साऱ्या गावाच्या खिडक्यांवर रोज जमा होतं आणि सर्व्हरच्या पंख्यातही. दर पंधरा दिवसांनी मी ब्रशनं झाडतो तेव्हा खाली जी काळी भुकटी पडते, तिच्यावर एक वेळचा चहा उकळावा. असो. पेटीची तीच कल्पना २०१३ साली डॉकरवाल्यांनी सॉफ्टवेअरमध्ये आणली. एकेक प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या तेल-मिठासकट पेटीत बंद. चिन्हात देवमासा दाखवलाय, पाठीवर पेट्या घेतलेला. मुलगा म्हणाला, "एक कंटेनर बिघडला तरी दुसऱ्याला कळतसुद्धा नाही."

मला तो जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखा प्रकार वाटला. प्रत्येकाची चूल वेगळी, नळ एक. आणि जिथं नळ एक तिथं भांडण आलंच. इथं ते दारावरून झालं. प्रत्येक बिऱ्हाडाला बाहेर उघडणारं एक क्रमांकाचं दार लागतं, त्याला पोर्ट म्हणतात. हजारो क्रमांक मोकळे असतात. पण जगातल्या निम्म्या प्रोग्रामांना ८०८० हेच दार हवं असतं, जसं लग्नात सगळ्यांना पंख्याखालचीच खुर्ची हवी असते. पहिला बसला की दुसरा दारातच फुगून बसतो आणि सुरूच होत नाही. मी एकाला ८०८१ दिलं, दुसऱ्याला ८०८२, आणि कुठल्या दारात कोण राहतं याची नोंद करायला एक आवक-जावक वही घातली. मुलगा हसला. पण चार महिन्यांनी एक दार त्यालाच आठवेना, तेव्हा वहीतूनच काढून दिलं.

कंटेनरची सगळी माहिती एका फायलीत लिहायची असते आणि ती फाइल समासाच्या बाबतीत आमच्या जुन्या हेडक्लार्कपेक्षा कडक आहे. कुठली ओळ किती जागा सोडून सुरू होते यावर तिचा अर्थ ठरतो. टॅबचं बटण दाबून समास सोडला तर ती फाइल परत करते. स्पेस मोजूनच द्यायचे. बाकी जग ज्याला कटकट म्हणतं ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समासासाठी माझ्या पिढीनं काय काय सोसलं, त्याचं कुठं तरी चीज झालं.

मग आली परवानगी. घर माझं, वीजबिल माझ्या नावावर, डिस्क माझ्या पेन्शनच्या पैशातून घेतलेली, फोटोत मी. आणि फोटो दाखवणारा कंटेनर म्हणतो, परवानगी नाही. त्याचं कारण असं की आतल्या बिऱ्हाडकरूचा ओळख क्रमांक आणि फोल्डरच्या मालकाचा क्रमांक जुळत नव्हता. आता इथं खरा उपाय म्हणजे दोन्हीकडं एकच क्रमांक टाकणं. पण घाईच्या माणसाला एक वाममार्ग उपलब्ध आहे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. मालकाला ७, त्याच्या गटाला ७ आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही ७. जमिनीचा सातबारा असतो तसा फोल्डरचा हा सातसातसात. फरक एवढाच की सातबाऱ्यावर नाव चढवायला दोन पिढ्या जातात आणि सातसातसातनं एका ओळीत सारं गाव हिस्सेदार होतं. मी तो लावला. फोटो दिसू लागले. मुलाला अजून सांगितलेलं नाही. हा लेख तो वाचणार नाही, मराठी अंक त्याच्याकडं जात नाही.

दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो, एक मेली तरी दुसरी आहे, हे मला फार आवडलं होतं. बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली या युक्तीवर निबंध लिहिला, तेव्हा नावात डिस्क 'स्वस्त' असल्याचं म्हटलं होतं. सीताबर्डीवर तसं काही जाणवलं नाही. पण आरसा तो आरसाच. आरशासमोर बसून मिशी उडवली तर आतल्याचीही उडते. मी एका संध्याकाळी दुबार फोटो साफ करताना मेव्हण्याच्या वास्तुशांतीचं आख्खं फोल्डर काढून टाकलं, आणि दुसऱ्या डिस्कनं तत्परतेनं तेच केलं. तेव्हापासून तिसरी प्रत एका सुट्या डिस्कवर वरोऱ्याला बहिणीच्या कपाटात, साड्यांच्या खाली असते. इथून जवळच विंजासनच्या टेकडीत लेणी आहेत. सरळ डोंगरात बोगद्यासारखं आत कोरत नेलंय, शेवटी बुद्ध बसले आहेत. त्यांना इतक्या शतकांत एकही अपडेट आलेलं नाही आणि ते अजून चालू आहेत. बहिणीच्या साड्यांवर माझा तेवढा विश्वास नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. फोटो, गाणी, सिनेमे दाखवणाऱ्या जेलीफिन नावाच्या कंटेनरची फाइल मी स्वतः लिहिली होती. त्यात एक ओळ वेळेची असते. आपण कुठल्या घड्याळावर चालतो ते सांगायचं. मुलानं सांगितलं, "आशिया/कोलकाता लिहा." मी विचारलं, कोलकाता का? तो म्हणाला, जगभर भारतासाठी तेच नाव आहे. मला ते पटलं नाही. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासूनची, आणि ती ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर ठरते ती काही कोलकात्यातून जात नाही. मुंबईनं तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी मुंबई वेळ चालवून दाखवली. मग भद्रावतीनं काय घोडं मारलंय? आधीच या गावाची नावात कुचंबणा आहे. कागदोपत्री भद्रावती, पण रेल्वेचं तिकीट काढायला गेलं की भांदक म्हणावं लागतं. मी फाइलीत अभिमानानं 'आशिया/भद्रावती' लिहिलं.

कंटेनरनं तक्रार केली नाही. लाल चौकट आली नाही. मला वाटलं, घेतलं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. दुपारचा चहा घेऊन चार वाजता टीव्ही लावला तर जेलीफिन म्हणतो, एकही व्हिडिओ नाही. फोटोंच्या पानावर गेलो. फोटो: ०. माणसाचं वय एकदम उतरतं म्हणतात ते मला त्या शून्याकडं पाहताना कळलं. लग्न गेलं, मुलाचं बारसं गेलं, मी १९९१ साली ताडोब्यात वाघाच्या अगदी जवळून काढलेला, वाघ नसलेला फोटो गेला. मुलाला फोन लावला. त्यानं शांतपणे एक आज्ञा टाइप करायला लावली आणि कळलं की डिस्क ठणठणीत आहेत. झालं होतं असं की मशीन अचानक बंद पडून पुन्हा आपोआप सुरू झालं होतं आणि उठताना कंटेनर डिस्कच्या आधी उठले होते. डिस्क जोडली जाण्यापूर्वीच जेलीफिननं डोकावून पाहिलं, रिकामी फळी दिसली, आणि त्यानं शून्य जाहीर केलं. कंटेनर पुन्हा सुरू केल्यावर सगळं परत आलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा शून्य. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"बाबा, लॉग पाहा," मुलगा म्हणाला. "किती वाजता बंद पडतो ते त्यात असेल." लॉग म्हणजे हजेरीपुस्तक. मी उघडलं. शेवटची नोंद ७:३२. आदल्या दिवशी ७:२९. त्याच्या आदल्या दिवशी ७:३४. म्हणजे रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला.

चौथ्या दिवशी मी सव्वासातला चहा घेऊन कुंडीसमोर बसलो. साडेसात वाजले. पाण्याची मोटर चालू झाली, दूधवाला आला, रस्त्यावरून चांद्याची बस गेली. ७:३२ झाले. दिवा निळा, पंखा चालू, टीव्हीवर फोटो व्यवस्थित. पावणेआठपर्यंत बसलो. काही झालं नाही. म्हटलं, साहेब फेरीवर आला की शिपाई टेबल पुसतो, त्यातला प्रकार. समोर बसल्यामुळं आज बिघडला नसेल.

चार वाजता शून्य. लॉग उघडला. आजची तारीख. शेवटची नोंद ७:३१.

मी खुर्चीतच बसून राहिलो. ७:३१ ला तर मी समोर होतो. तो जिवंत होता. माझ्या डोळ्यांदेखत धडधडत होता. दुसरा कुणी असता तर इथंच ओळखलं असतं की लॉगमध्ये काहीतरी खोट आहे. पण मी तीस वर्षं कागदाचं खाल्लं आहे. माणूस समोर उभा राहून 'मी जिवंत आहे हो' म्हणत असतानाही त्याच्याकडून हयातीचा दाखला मागून घेणारा मी. कागद आणि डोळे यांत फरक पडला तर डोळे चुकले, ही माझी सेवापुस्तिकेतली शिकवण. लॉग म्हणतो सकाळी ७:३१ ला मेला. म्हणजे मेला. मला दिसला तो भास.

पुढचे आठ दिवस मी आणि मुलानं जे केलं त्याला तो 'ट्रबलशूटिंग' म्हणतो. नऊ प्लगइन एकेक करून बडतर्फ केले. तापमानाचा आलेख काढणाऱ्याला काढलं तेव्हा वाईट वाटलं, त्याचा आलेख फार सुबक होता. डिस्कची वैद्यकीय तपासणी केली. खराब कप्पे शून्य, ताप ५१ अंश. बाहेर ४५ असताना घरातल्या प्रत्येकालाच तेवढा असतो. मेमरीची चाचणी रात्रभर चालवली. पहाटे चारला उठून पाहिलं, चूक एकही नाही. मग संशय माणसांवर गेला. साडेसातला मोटर कोण लावतं? मी. साडेसातला पुण्याहून कोण आत शिरतं? मुलगा म्हणाला, तेव्हा मी झोपलेला असतो. मग साडेसात संध्याकाळचे तर नसतील, म्हणून दोन संध्याकाळी पहारा दिला. देवाजवळ दिवा लागला, डास आले, एवढंच.

नवव्या दिवशी मी कुंडीसमोर जमिनीवर बसून केबल हलवत होतो. आई दिवाणावर पडली होती. तिचं वय चौऱ्याऐंशी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना तिनं लहानपणी प्रत्यक्ष खंजिरीवर ऐकलेलं आहे, आणि जेवण झालं की टीव्हीवर त्यांची भजनं लावून घेते. घरात या सर्व्हरचा खरा नियमित वापर करणारी ती एकटीच. ती म्हणाली, "काय होऊन रायलं रे त्याले?"

"रोज बंद पडतो, आई. का ते समजत नाही."

"कूलर लावला का आंग टाकते थो डबा," आई म्हणाली. "भजन अर्ध्यात तुटते. मी पयल्या दिसापासून पाहून रायली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मले कोण इचारलं? तू त्या पोट्ट्यासंग इंग्रजीत बोलत होता."

मी आत जाऊन हिला विचारलं, कूलर किती वाजता लावता? ही म्हणाली, "भांडी आवरली की. एक वाजता. तुम्ही तेव्हा मागच्या खोलीत घोरत असता." एक वाजता. मी उघड्या डोळ्यांनी परत लॉगकडं गेलो. ७:३२. सात बत्तीस अधिक साडेपाच तास.

दुपारचा एक वाजून दोन मिनिटं.

मुलाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, वेळेच्या ओळीत काय लिहिलंय, वाचून दाखवा बरं." मी वाचून दाखवलं. पलीकडं पुण्यात काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. अशा प्रणालीला जगात नसलेल्या गावाची वेळ विचारली की ती वाद घालत नाही, गुपचूप जागतिक वेळेवर जाऊन बसते, ग्रीनिचच्या रेषेवर. पंधरा दिवस माझ्या घरातला जेलीफिन लंडनजवळ राहत होता आणि मी भद्रावतीत पहारा देत होतो. मुख्य मशीनचं घड्याळ बरोबर होतं, तिथला लॉग पाहिला असता तर पहिल्याच दिवशी १३:०२ दिसलं असतं. पण तो मुलानं लावलेला होता. माझा विश्वास माझ्या हातच्या कागदावर.

बाकीचं काम तासाभराचं होतं. चांदा आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक वायरमन आहेत, ते आले. बोर्ड उघडून ते चुकचुकले. "न्यूट्रल ढिला आहे भाऊ तुमचा." तो बोर्ड जूनमध्ये मोकळा होता कारण तो मुळात कूलरचाच. एप्रिलमध्ये हिनं वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून कूलर खिडकीत लावला आणि त्याच्या जुन्या जागी प्लग खुपसला. पंखा आणि पाण्याचा पंप एकदम ओढ घेत, ढिल्या न्यूट्रलवर दाब क्षणभर कोसळे, ट्यूबलाइट नुसती पापणी लववे आणि कॉम्प्युटरचा जीव जाई. त्यांनी स्क्रू आवळला, सर्व्हरला वेगळी लाईन ओढून दिली, आणि मेलेला यूपीएस पाहून म्हणाले, "हा औषधं ठेवायला चांगला आहे." त्यांना मी तापमानाचा आलेख दाखवणार होतो, पण तो प्लगइन बडतर्फ झालेला.

कंटेनरनी डिस्कच्या आधी उठायचं नाही, अशी एक ओळ मुलानं पुण्याहून घातली. मी वेळेच्या ओळीतलं 'भद्रावती' खोडलं आणि 'कोलकाता' लिहिलं. खोडताना वहीत तारीख आणि शेरा टाकला.

त्यानंतर आजतागायत सर्व्हर बंद पडलेला नाही. मे महिन्यात लाईन जायची तेव्हा अर्थातच जायचा, पण तेव्हा तर सारं गावच जायचं. चांद्याजवळच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि वादळात झाड पडतं ते तारेवरच, यात कुणाचा दोष काढता? लाईन आली की तो उठतो, डिस्कची वाट पाहतो, मग कंटेनर उठतात. भजन जिथं तुटलं तिथून सुरू होतं. प्लगइन सध्या तीनच आहेत. दिवस मोठे झाले आहेत.

परवा एक वाजून गेला होता. कूलर चालू, मी मागच्या खोलीकडं निघालेला, डोळ्यांवर झोप. खिडकीच्या गजांतून काकाजींचा हात आत आला. हातात पेनड्राइव्ह. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यांनी माझ्याकडं ठेवायला दिला होता, जावयाला आज हवा होता. काम पाच मिनिटांचं. पण मी खिडकीच्या आत होतो, ते बाहेर होते, आणि मधे गज होते. काय झालं मला कळलं नाही. मान वर न करता मी दोन बोटांनी पेनड्राइव्ह हळूच परत सरकवला.

"सर्व्हर डाऊन आहे, काकाजी."

ते वळले. मी मागून म्हणालो, "दोन वाजल्यानंतर या."

काकाजी थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजीच होती. "इथंबी आला का थो," ते म्हणाले. "अजून बिमारच हाय म्हणा. बरं, आराम करू द्या त्याले." पेनड्राइव्ह खिशात टाकून ते उन्हातून निघून गेले. आत आईची खंजिरी जोरात चालली होती.